आजीच्या रिपोर्टमधला 'एच'

आमच्या घरात हिमोग्लोबिन म्हणजे एक आकडा. रिपोर्ट आला की बाबा चष्मा शोधता शोधताच विचारतात, "किती आलं?" बाराच्या वर असलं तर "झकास". दहाच्या आसपास असलं तर "जरा बघायला हवं". आणि त्याच्याही खाली असलं की घरातल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागतात. बीट खा. पालक खा. गूळ-शेंगदाणे खा. खजूर खा. भाजी लोखंडी कढईत कर. यातलं काहीच चुकीचं नाही. पण माझ्या आजीला जे झालं होतं त्यावर यातल्या कशाचाच उपयोग नव्हता, आणि हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

दर वर्षी मी मंडळाच्या अंकाला कविता देते. या वर्षी कविता काही जमली नाही. हेच मनात होतं, म्हणून हेच लिहून देतेय.

आजी चौऱ्याहत्तर वर्षांची. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे, त्या घरात ती लग्न होऊन आली आणि पुन्हा म्हणून फारशी कुठे गेली नाही. बारा वर्षांपासून तिला शुगर आहे, तेव्हापासून मेटफॉर्मिनची गोळी चालू. रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची एक गोळी. गुरुवार, एकादशी, चतुर्थी हे उपास. अंडंसुद्धा आमच्या घरात येत नाही. ही सगळी माहिती मी सुरुवातीलाच एका ओळीत मांडतेय, कारण पुढे कळलं की आजीचा आजार याच ओळीत होता. तेव्हा ती आम्हाला माहिती वाटत नव्हती. ती फक्त आजी होती.

सुरुवात कधी झाली ते नक्की सांगता येत नाही. आधी तिची जीभ झोंबायला लागली. आमटीत एक मिरची जास्त पडली की ती ताट बाजूला सारायची. आईला वाटलं, आपल्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवून राहिल्यात. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. "पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतंय गं," असं ती म्हणायची. आम्ही म्हटलं, शुगर आहे, व्हायचंच. एकदा ती देवळातून घरी आली तेव्हा एका पायात चप्पल होती आणि एका पायात नव्हती. चप्पल वाटेत कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. आम्ही सगळे खूप हसलो. तीही हसली. पण त्या दिवसानंतर ती देवळात जायची बंद झाली, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मग तोंड धुण्याची गोष्ट. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना ती एका हाताने भिंत धरायची. मी विचारलं, "चक्कर येते का?" तर म्हणाली, "चक्कर नाही गं, डोळे मिटले की मी कुठे उभी आहे तेच कळेनासं होतं." हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी माणसं बोलतात असं काहीतरी.

दमायला लागली तेव्हा मात्र बाबांनी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला, कारण घरात 'सायन्सवाली' मी. बीएस्सीला आहे, झूऑलॉजी आहे. मी फाइल उघडली, पहिली ओळ वाचली आणि ओरडून सांगितलं, "नऊ पॉइंट एक!" मोबाइल खाली ठेवला. डॉक्टरांनीही बहुधा तेवढंच वाचलं असावं. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड एकत्र असलेल्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तर दहा पॉइंट चार. बाबा श्रीखंड घेऊन आले. आजीने दोन चमचे खाल्लं आणि म्हणाली, "मग पाय का असे होऊन राहिलेत?" कोणी उत्तर दिलं नाही. आकडा वाढला होता ना!

पुढे त्या गोळ्यांनी पोट साफ होईना, म्हणून तिने त्या गुपचूप बंद केल्या. त्यानंतर काही महिन्यांनी एका पहाटे ती बेसिनपाशी पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन सात पॉइंट सहा होतं.

त्या दिवशी मी कॉलेजला उशिरा गेले. आमचं प्रॅक्टिकल नेमकं रक्ताच्या स्लाइडचं होतं. आपल्याच बोटाला टोचायचं, काचेवर थेंब पसरायचा, लिशमनचा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्यांना समजतं, बोलतात हिंदीत. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि का कोण जाणे, मोबाइलवरचा रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. हिमोग्लोबिनच्या ओळीवर त्या थांबल्याच नाहीत. बोटाने फाइल खाली सरकवली आणि एका ठिकाणी थांबल्या.

"बेटा, ये एच देखा?"

एमसीव्ही, ११८. आणि त्याच्या बाजूला जाड ठशात एक अक्षर, 'एच'. हाय. म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त.

"मैं डॉक्टर नहीं हूँ," त्या म्हणाल्या. "पर ये अक्षर मशीन ने छापा है, तो किसी को तो पूछना चाहिए कि क्यों छापा है." मग त्यांनी मला जुने रिपोर्ट उघडायला लावले. पहिल्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही ११२. त्याच्याही बाजूला 'एच'. श्रीखंडाच्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये १०५. तिथेही 'एच'. तीन रिपोर्ट, तीन वेळा तेच अक्षर. आणि तिन्ही माझ्या मोबाइलमध्ये, दीड वर्ष.

आता हे एमसीव्ही म्हणजे काय ते सांगते, कारण मला परीक्षेत त्यावर दोन मार्क मिळाले होते आणि तरी ते मला कळलं नव्हतं. तांबडी पेशी सरासरी केवढी मोठी आहे, त्याचं ते माप. ते फेमटोलिटरमध्ये मोजतात आणि मोठ्या माणसात साधारण ८० ते १०० च्या दरम्यान असावं लागतं. हिमोग्लोबिन कमी आहे एवढंच कळलं तर रक्त 'कमी पडतंय' इतकंच कळतं. का कमी पडतंय, त्याचा पहिला सुगावा पेशीच्या आकारात असतो.

सिस्टरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, मी घरी आईला पोळ्यांवरून सांगितलं. समज, पीठच कमी आहे. मग तू काय करशील? लहान लहान, पातळ पोळ्या लाटशील. लोह कमी असतं तेव्हा असं होतं. हिमोग्लोबिन बनवायला माल नाही, म्हणून पेशी लहान आणि फिकट. एमसीव्ही ८० च्या खाली जातं. आपल्या देशात बायकांमध्ये हे इतकं दिसतं की हिमोग्लोबिन कमी म्हटल्यावर लोहाची गोळी हे उत्तर तोंडावरच असतं.

आता दुसरा प्रकार. पीठ भरपूर मळलेलं आहे, पण त्याच्या लाट्या पाडता येत नाहीत. गोळा तसाच फुगत राहतो. हाडांच्या आतल्या मज्जेत तांबड्या पेशी तयार होतात, निरोगी माणसात सेकंदाला वीस लाखांच्या पुढे. इतक्या पेशी करायच्या म्हणजे एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं सतत विभाजन हवं. विभाजनाआधी प्रत्येक वेळी डीएनएची नवी प्रत लागते. ती प्रत काढायला फोलेट लागतं आणि त्या फोलेटला कामाला लावायला बी-१२ लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी केंद्रक मागे पडतं आणि बाकीची पेशी मात्र वाढतच जाते. मोठी, बेढब पेशी तयार होते. अशा कितीतरी पेशी मज्जेतच मरून जातात. बाहेर येतात त्या मोजक्याच. आकाराने मोठ्या, पण संख्येने इतक्या कमी की अंगभर ऑक्सिजन पुरवायला पुऱ्या पडत नाहीत.

आईने पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, "म्हणजे लोहाची गोळी देणं म्हणजे..."

"पीठ भरपूर असताना आणखी पीठ ओतणं."

तिने गॅस बंद केला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

दोन दिवसांनी आम्ही आजीला एका मोठ्या फिजिशियनकडे घेऊन गेलो. त्यांनी रिपोर्ट बघितला, मग आजीला जीभ दाखवायला सांगितली. जीभ लाल आणि गुळगुळीत, जणू कोणी घासून ठेवलीय. मग म्हणाले, "आजी, दोन्ही पाय जोडून उभ्या राहा. आता डोळे मिटा." आजी डोळे मिटताक्षणी झुलली. बाबांनी तिला धरलं. मग त्यांनी एक ट्यूनिंग फोर्क काढला, आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये असतो तसाच, फक्त मोठा. तो टेबलावर आपटून आजीच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "काही थरथर जाणवते?"

"टेकवलंय ते कळतंय. थरथर नाही."

गुडघ्यावर टेकवला. "आता?"

"हां, आता कळली."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आपले पाय कुठे आहेत हे आपल्याला न बघताही कळतं, कारण पायाकडून मेंदूकडे सतत निरोप जात असतो. ज्या नसांतून आणि मणक्यातल्या ज्या दोऱ्यांतून हा निरोप जातो, त्यांच्यावर वायरीवर असतं तसं आवरण असतं. ते आवरण नीट राहायलाही बी-१२ लागतं. आवरण खराब झालं की निरोप पोचत नाही. डोळे उघडे असले तर माणूस बघून तोल सांभाळतो. अंधारात, किंवा तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले, की जातो तोल.

"डोळे मिटले की मी कुठे उभी आहे तेच कळेनासं होतं." आजीने आजाराचं नेमकं लक्षण दीड वर्षापूर्वी मला मराठीत सांगितलं होतं.

मग मी विचारलं, गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं होतं ते कसं? तेव्हा जे कळलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. बी-१२ ची दोन वेगळी कामं आहेत. एक, फोलेटला मोकळं करून डीएनएच्या कामाला लावणं. दुसरं काम नसांचं. बाहेरून फॉलिक अ‍ॅसिड भरपूर दिलं तर पहिलं काम बी-१२ शिवायही काही काळ निभावतं. रक्त सुधारतं, आकडा वर जातो. नसांचं काम मात्र तसंच अडलेलं राहतं आणि तिकडे नुकसान चालू असतं. रिपोर्ट चांगला दिसत असताना पाय बिघडत जातात. फॉलिक अ‍ॅसिड वाईट नाही. गरोदर बाईला ते हवंच असतं, आणि ज्याला फोलेट कमी आहे त्याचं तर ते औषधच. पण पेशी मोठ्या दिसल्या की आधी बी-१२ तपासायचं आणि मग फॉलिक अ‍ॅसिड द्यायचं, हा क्रम आहे. आमच्या घरी श्रीखंड आलं त्या दिवशी आजीने पायाचं विचारलं होतं. तिचा प्रश्न बरोबर होता, आमचा आकडाही बरोबर होता, आणि दोन्ही एकत्र कसे बरोबर असतील हे कोणीच विचारलं नाही.

डॉक्टरांनी आणखीही सांगितलं की पेशी मोठ्या होण्याची कारणं एवढीच नसतात. दारू, यकृताचे आजार, थायरॉइडचं काम मंदावणं, काही औषधं, मज्जेचे काही आजार यांतही एमसीव्ही वाढतं. म्हणून तो 'एच' म्हणजे उत्तर नव्हे, प्रश्न आहे. त्यांनी थायरॉइड तपासलं, यकृत तपासलं, रक्ताची स्लाइड बघायला पाठवली. स्लाइडमध्ये मोठ्या, लंबगोल तांबड्या पेशी होत्या आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं नेहमीपेक्षा जास्त तुकड्यांत विभागलेली होती. बी-१२ शंभराच्याही खाली आलं. दोनशेच्या खाली असलं की कमी समजतात.

मग कारण शोधायला बसले. बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही. प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखे सूक्ष्म जीव. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि तिथून ते दुधात येतं. म्हणजे शाकाहारी माणसाला ते मिळतं मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतून. गरज किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-अडीच. शिवाय यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. म्हणूनच हा आजार इतका हळू येतो की घरच्यांना ते म्हातारपण वाटतं. त्यात पित्ताच्या गोळीने पोटातलं आम्ल कमी होतं, मग अन्नातलं बी-१२ नीट सुटं होत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं तर बी-१२ अंगी लागण्याचं प्रमाण घटतं. "म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हं," डॉक्टर पटकन म्हणाले, कारण आजीचा इतिहास त्यांना कळला होता. "गोळी चालू ठेवायची आणि बी-१२ वर लक्ष ठेवायचं."

मग त्यांनी विचारलं, "आजी, दूध-दही किती घेता?"

"भरपूर," आजी म्हणाली. "आमच्याकडे रोज दीड लिटर दूध येतं."

आई खाली बघायला लागली. मी पण. दीड लिटर येतं हे खरंच होतं. त्यातलं बाबांचं आणि आईचं चहाचं, दादाचं कॉफीचं. आणि रात्री एक मोठा पेला माझा, अकरावीपासून, अभ्यासाला बसते म्हणून. तो आजीच आणून द्यायची, साय बाजूला काढून, कारण मला साय आवडत नाही. आजीच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. दह्याचं विरजण ती लावायची, पण सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्याला लागलेल्यात पाणी घालून, हलवून ती प्यायची आणि त्याला ताक म्हणायची. कोणी तिला दूध नको म्हटलं नव्हतं. कोणी घे पण म्हटलं नव्हतं.

मी डॉक्टरांना ते सांगितलं. आजीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली.

इंजेक्शनं सुरू होणार म्हटल्यावर आजीने एकच प्रश्न विचारला, "ते कशापासून करतात?" बाबा चपापले. त्यांना वाटलं आता ही नाही म्हणणार. डॉक्टर म्हणाले, "आजी, मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून करतात. कोणाला मारून नाही." आजीने विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे गाईलाही ते दुसऱ्याकडूनच मिळतं, आणि आपल्याला गाईकडून. मग सरळ त्यांच्याकडूनच घेऊ." आमच्या वर्गात हे इतक्या थोडक्यात कोणालाच लिहिता आलं नसतं.

इंजेक्शन लाल रंगाचं असतं. बी-१२ चे स्फटिकच लाल. १९४८ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं, आणि डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने त्याची रचना उलगडली. त्यांना १९६४ चं नोबेल मिळालं. त्याआधी या आजाराच्या एका प्रकाराला 'घातक' हेच नाव होतं, कारण माणूस वाचतच नसे. १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की रोज भरपूर यकृत खायला घातलं तर रोगी जगतो. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं मी उशिरा आजारी पडले."

हे सगळं वाचताना मला मुंबईची एक गोष्ट सापडली. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम सुरू केलं. परळ म्हणजे गिरण्यांचा भाग. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय व्हायचा, आणि त्यांच्या पेशीसुद्धा मोठ्याच असायच्या. लुसी विल्स यांनी त्या बायका काय खातात ते बारकाईने पाहिलं. आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले. शेवटी मार्माइट नावाच्या खारट, काळपट लगद्याने बायका बऱ्या होतात असं त्यांच्या लक्षात आलं. बिअर बनवल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून तो करतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे 'घातक' रक्तक्षयावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क या बायकांना लागू पडत नव्हता, मार्माइट पडत होतं. म्हणजे पेशी दिसायला सारख्याच, पण कमतरता वेगळी. त्यांच्यात फोलेट कमी होतं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते मिळालं, म्हणून पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव पडलं. आणि ते प्रयोगशाळेत तयार करणारा अमेरिकेतला गट ज्यांच्या हाताखाली काम करत होता, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रचे.

परळच्या त्या बायकांना जे औषध होतं, तेच माझ्या आजीसाठी अपुरं होतं. पण लुसी विल्स यांनी जे केलं ते आजीलाही हवं होतं. त्यांनी विचारलं, ही बाई काय खाते?

पहिल्या आठवड्यातच आजीच्या रक्तात नव्या पेशी वाढायला लागल्या. जीभ आधी बरी झाली. पंधरा दिवसांनी तिने स्वतः मागून आमटी घेतली आणि आईला म्हणाली, "छान झालीय." आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. दोन-अडीच महिन्यांत हिमोग्लोबिन बाराच्या जवळ आलं, एमसीव्ही ९२. 'एच' गेला. बाबा पुन्हा श्रीखंड आणायला निघाले तेव्हा मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी पाय विचारा.

पाय पूर्ण बरे नाहीत. वर्ष होत आलं. मुंग्या कमी झाल्यात, पायाखालचा कापूस "पातळ झालाय" असं आजी म्हणते. पण घोट्याला थरथर अजून कळत नाही. नसांचं नुकसान किती दिवस चालू होतं त्यावर ते किती भरून येईल हे ठरतं, आणि आमच्याकडे दीड वर्ष वाया गेलं होतं. ती आता स्टुलावर बसून तोंड धुते. चपलांना मागे पट्टा आहे. देवळात जाते, पण उजेडी, आणि माझा हात धरून.

मी एकदा तिला म्हटलं, "आजी, मी ते अक्षर आधी बघितलं असतं तर..." तर तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, "तू बघितलंस म्हणून तर चालून राहिलेय." हे खरं नाही. सिस्टरांनी बघितलं. मी दीड वर्ष ते खिशात घेऊन फिरत होते.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक सांगणं. तुमच्या घरी कोणाचा तरी रिपोर्ट असेल, आईचा, आजीचा, आजोबांचा. पहिल्या आकड्यावर थांबू नका. खाली एमसीव्ही शोधा. त्याच्या बाजूला अक्षर असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतः औषध देऊ नका, टॉनिकही नको. आणि घरातलं म्हातारं माणूस "कापसावर चालल्यासारखं वाटतं" म्हणालं तर हसू नका. ते अलंकारिक बोलत नाहीये.

आता रात्री आमच्याकडे दोन पेले दूध भरतं. आजीचं आधी. ती घोटभर पिते, आणि माझं लक्ष नाहीसं बघून उरलेलं माझ्या पेल्यात ओतायला हात पुढे करते. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "आजी." मग ती पेला पुन्हा तोंडाला लावते.